दृष्टीच्या टप्प्यातले देऊळ : तानाह लोटच्या सूर्यास्त-सहलींतील कथनाचा विचार

एखादे स्थळ प्रवाशांना दाखविताना मार्गदर्शक जे बोलतो, त्याची गणना वाङ्मयात करण्याचा प्रघात नाही. ते बोलणे पाठ केलेले असते, दररोज तेच असते, आणि ऐकणाऱ्याचे अर्धे लक्ष खिडकीबाहेर असते. तथापि ज्या मराठी अभ्यासकाने महानुभावांची स्थानपोथी हाताळली आहे, त्याला स्थळवर्णन हा कथनाचा स्वतंत्र प्रकार आहे हे नव्याने पटवून देण्याची गरज नाही. चक्रधर कोठे उतरले, कोठे बसले, कोठे निजले, हे सांगत सांगत त्या पोथीने एका पंथाचा भूगोल सिद्ध केला. स्थळापुढे उभे राहून सांगितलेली कथा ही स्थळाचे केवळ वर्णन करीत नाही, ऐकणाऱ्याने तेथे काय पाहावे आणि काय पाहू नये हेही ती ठरवून देते. याच दृष्टीने बाली बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तानाह लोट या समुद्रमंदिराच्या सूर्यास्त-सहलींतील कथनाचा विचार येथे करावयाचा आहे.

तानाह लोट हे ताबानान जिल्ह्यातील बेराबान गावच्या हद्दीत, देन्पासार शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर, किनाऱ्यापासून सुटलेल्या एका खडकावर उभे आहे. भरतीच्या वेळी खडकाला पाणी वेढते. ओहोटीला तळाशी पायी जाता येते. तेथे खडकाच्या पोटातून गोड्या पाण्याचा झरा वाहतो व पुजारी त्याचे तीर्थ देऊन कपाळी तांदूळ लावतात. तीर्थाला तेथेही ‘तीर्त’ आणि त्या तांदळांना ‘बिज’ म्हणतात. मराठी माणसाला दोन्ही शब्द ओळखू येतात. माथ्यावरील मंदिरात मात्र उपासकांखेरीज कोणास प्रवेश नाही. सहलीचा ठराविक क्रम असा : दुपारी निघावयाचे, मेंग्वीच्या राजघराण्याचे तामान आयुन पाहावयाचे, आलास केदातोनच्या राईतील वानरे पाहावयाची, आणि पाचच्या सुमारास तानाह लोट गाठून सूर्य बुडेपर्यंत थांबावयाचे. वस्तुतः तामान आयुन हे कालव्यांच्या शेतीशी जोडलेले असे मंदिर आहे की ज्यामुळे २०१२ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. पण या क्रमात त्याला प्रस्तावनेचीच जागा मिळते. सारी रचना शेवटच्या अर्ध्या तासाकडे धावते.

वाटेत सांगितले जाणारे कथन चार-पाच घटकांचे असते. नावाची फोड, जावाहून आलेल्या ऋषीची कथा, मंदिराचे रक्षण करणारे सर्प, एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात वसलेली सात समुद्रमंदिरे, आणि सूर्यास्त. यांपैकी नावाच्या फोडीकडे प्रथम पाहणे इष्ट होय, कारण कथनाची खरी दिशा तेथेच निश्चित होते.

‘तानाह’ म्हणजे जमीन आणि ‘लोट’ म्हणजे समुद्र, म्हणून ‘समुद्रातील जमीन’, अशी फोड मार्गदर्शक करतात. ती चुकीची नाही, अपुरी आहे. ‘लोट’ हे ‘लोद’ या शब्दाचे रूप असून बालीतील ‘केलोद’ या दिशावाचक शब्दात तेच आढळते. केलोद म्हणजे समुद्राकडे. त्याच्या उलट ‘काजा’, म्हणजे पर्वताकडे. हे शब्द दक्षिण आणि उत्तर यांचे पर्याय नव्हेत. बेटाच्या मधोमध डोंगरांची रांग असल्याने दक्षिण बालीत काजा उत्तरेकडे येते, तर सिंगराजाकडील उत्तर किनाऱ्यावर तीच काजा दक्षिणेकडे जाते. दिशा होकायंत्राने ठरत नाही. डोंगर कोठे आणि पाणी कोठे यावरून ठरते. मलय भाषेतील ‘लाउत’, म्हणजे समुद्र, हा याच मूळ शब्दाचा वंशज. ईशान्येला मलयमध्ये ‘तिमुर लाउत’, म्हणजे शब्दशः ‘पूर्व-समुद्र’, म्हणतात. ‘काजा’तील मूळ अंश नैर्ऋत्यवाचक ‘बारात दाया’ या प्रयोगात शिल्लक आहे. मलय भाषेत या शब्दांच्या दिशा कायमच्या बांधल्या गेल्या. बालीत त्या अजून मोकळ्या आहेत, आणि घराची मांडणी, देवघराची जागा, झोपताना डोके कोठे करावे, हे सारे त्यांवर अवलंबून असते. काजा ही वरची, पवित्र बाजू. केलोद ही खालची. अस्थी व रक्षा समुद्राकडेच नेतात.

अशा भाषेत ‘लोट’ हा शब्द ज्या नावात आहे, ते नाव चित्रापेक्षा दिशा अधिक सांगते. बेटाची जी बाजू उतरती मानली जाते, तिच्या अगदी टोकावर हे देऊळ आहे, तेथे वरुणाची, त्यांच्या उच्चारात ‘बारुण’ची, पूजा होते, आणि भातशेतीवरील संकटे निवारण्यासाठी शेतकरीही या परिसरातील देवस्थानांकडे वळतात. डोंगराकडून येणारे पाणी खाचरांतून उतरत उतरत येथवर पोहोचते, याची जाणीव नावात आहे. ‘समुद्रातील जमीन’ असे भाषांतर करताच ही सगळी उतरण नाहीशी होते आणि उरतो तो पाण्यातील एक खडक, म्हणजेच छायाचित्राचा विषय. भाषांतराने शब्द राखला आणि संबंध गाळला. पर्यटनाच्या कथनात असे वारंवार घडते, पण येथे ते नावाच्या पहिल्याच अक्षरांपासून घडते हे नोंदविण्यासारखे आहे.

दिशेच्या जागी चित्र आले, तसे तिथीच्या जागी घड्याळ आले. तानाह लोटचा वार्षिकोत्सव सौर वर्षाने येत नाही. तो २१० दिवसांच्या पावुकोन चक्राने येतो. सात दिवसांचे तीस आठवडे, आणि त्यांच्याच जोडीला पाच दिवसांचा, तीन दिवसांचा व असे आणखी आठवडे एकाच वेळी चालू, अशी ही गणना आहे. सात दिवसांची नावे रेदिते, सोम, अंगार, बुद, व्रस्पती, सुक्र, सनिश्चर अशी असून ती ऐकताना मराठी पंचांगाचा वाचक आपल्या घरी आल्यासारखा वाटेल. तानाह लोटचा उत्सव ‘बुद चेमेंग लांगकीर’ या दिवशी, म्हणजे लांगकीर नावाच्या आठवड्यातील बुधवारी येतो. त्या बुधवारी पाच दिवसांच्या आठवड्यातील ‘वागे’ हा दिवस पडतो. गालुंगानच्या सणानंतर दहा दिवसांनी कुनिंगान, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी हा बुधवार. पूर्वजांना घरी आणून निरोप दिल्यानंतर लगेच समुद्राच्या देवळाची पाळी येते, हा क्रम अर्थपूर्ण आहे. सहलीच्या कथनात त्याचा उल्लेख झालाच तर ‘दर सहा महिन्यांनी यात्रा भरते’ एवढाच होतो. बालीच्या हिशेबात पस्तीस दिवसांचा महिना धरल्यास २१० दिवसांचे सहा महिने खरेच होतात. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात जानेवारी आणि जुलै असतात.

उलट, सूर्यास्त रोज असतो. विषुववृत्तापासून साडेआठ-नऊ अंशांवर असल्याने बालीत वर्षभर सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. व्यवसायाच्या दृष्टीने याहून सोयीची गोष्ट नाही : गाडीची वेळ बारा महिने तीच ठेवता येते. पण समुद्र या वेळापत्रकात बसत नाही. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका दिवशी सूर्यास्ताला देऊळ बेट असते, तर आठवड्याने त्याच क्षणी लोक ओल्या खडकांवरून चालत झऱ्यापर्यंत जात असतात. हरिहरेश्वरची समुद्राकडील प्रदक्षिणा ओहोटी पाहून करावी लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला येथे कोणती वेळ खरी हे सांगावे लागत नाही. पत्रकावर छापलेले चित्र मात्र एकच असते, भरतीचे. शिवाय पावसाळ्याच्या महिन्यांत क्षितिजावर ढग असतात आणि सूर्य दिसतोच असे नाही. ज्या घटनेवर साऱ्या कथनाचा कळस उभा आहे ती मार्गदर्शकाच्या हातची नाही. म्हणून अनुभवी मार्गदर्शक कळसाआधीच सर्पांची कथा पुरी करतो आणि सूर्याबद्दल बेताचेच बोलतो. हे त्याचे कसब आहे, आणि त्याची दाद दिली पाहिजे.

या वेळेबद्दल आणखी एक गोष्ट कथनात येत नाही. दिवस आणि रात्र यांच्या सांध्याला बालीत ‘सांदिकाल’ म्हणतात. आपल्या संधिकालाचेच हे रूप असले तरी भाव आपल्या तिन्हीसांजेचा आहे. या वेळी मुलांनी बाहेर असू नये, अदृश्य शक्तींचा संचार असतो, अशी समजूत आहे. शिवाय त्रिसंध्या ही दिवसातून तीनदा करावयाची प्रार्थना, जिचा आरंभ गायत्रीने होतो, आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरून सायंकाळी सहाच्या सुमारास ऐकू येते. म्हणजे जो क्षण प्रवाशाला दिवसाचा सर्वांत रम्य क्षण म्हणून विकला जातो, तो तेथील रहिवाशाला जपून वागण्याचा क्षण आहे. रम्यता खोटी आहे असे नव्हे. इंडोनेशियन भाषेत सूर्य म्हणजे ‘माताहारी’, दिवसाचा डोळा. त्याचे बुडणे पाहण्यात गैर काय? (यातील ‘हारी’चा आपल्या हरीशी काही संबंध नाही, हे सांगणे अवश्य आहे, कारण मराठी प्रवासवर्णनांना अशा व्युत्पत्तींचा फार मोह पडतो.) परंतु भय आणि सौंदर्य एकाच वेळेला वसतात ही गोष्ट सांगितली असती, तर ऐकणाऱ्याला ती कळली असती. कातरवेळ हा शब्द ज्याच्या भाषेत आहे त्याला तर निश्चितच.

आता ऋषीच्या कथेकडे वळावयाचे. दांग ह्यांग निरर्थ हा सोळाव्या शतकातला शैव ब्राह्मण, जावातील मजपहित राज्य मोडल्यानंतर बालीत आलेला आणि गेल्गेलचा राजा दालेम वातुरेंगोंग याचा पुरोहित झालेला. बालीतील शैव ब्राह्मणांची कुळे आपली परंपरा त्याच्यापासून सांगतात. त्याचे नाव मराठी कानाला विचित्र वाटेल. पण येथे ‘अर्थ’ म्हणजे विषय किंवा प्रयोजन घेतल्यास विषयांतून निवृत्त झालेला हा अर्थ सहज बसतो. त्याचे दुसरे नाव द्विजेंद्र. ‘द्विजेंद्र तत्त्व’ या परंपरेतील ग्रंथात त्याचा प्रवास आहे, आणि हा प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने चालतो. एके ठिकाणी त्याने केस ठेवले म्हणून रांबुत सिवी (रांबुत म्हणजे केस); खडकाच्या शिरावर तो देह सोडून गेला ते उलुवातु (उलु म्हणजे शिर, वातु म्हणजे दगड). प्रत्येक मुक्कामाला एक नाव, प्रत्येक नावाला एक घटना. स्थानपोथीची रीत याहून निराळी नाही. तेव्हा सहलीचा मार्गदर्शक नावाची फोड करून कथा सांगतो म्हणून त्याने परंपरा बाजारात नेली, असा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. रूपाच्या दृष्टीने तो त्याच परंपरेचा वारस आहे. आक्षेप घ्यावयाचा तो रूपावर नव्हे, त्याने काय गाळले यावर.

सहलीतील कथा साधारणतः अशी : ऋषीने तेजस्वी खडक पाहिला, तेथे रात्र काढली, कोळ्यांनी त्याचा सत्कार केला, त्याने त्यांना देऊळ बांधावयास सांगितले. पूर्ण कथेत मात्र एक विरोधक आहे, बेराबानचा गावप्रमुख, बेन्देस बेराबान. तो जुन्या उपासनेचा. लोक या परक्या ब्राह्मणाच्या नादी लागतात हे त्याला रुचत नाही, आणि तो ऋषीला निघून जाण्यास फर्मावतो. तेव्हा ऋषी तपोबलाने तो खडकच समुद्रात सरकवतो आणि आपल्या उपरण्यातून सर्प निर्माण करून त्यांना रखवालीस ठेवतो. बेन्देस नमतो, शिष्य होतो, आणि निरर्थ त्याला एक क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार, देतो. सहलीच्या कथनात सर्प राहतात. पण ते ज्याच्यासाठी निर्माण झाले तो माणूस पुष्कळदा गळून जातो. सर्प गुहेत दाखविता येतात, बेन्देस दाखविता येत नाही, हे त्याचे साधे कारण. पण त्यामुळे जमीन पाण्यात गेली ती का, याचे उत्तरच हरवते. मूळ कथेप्रमाणे ही जागा निसर्गतः समुद्रात नाही. कोणाची जागा, कोणाचा देव, कोणाचा हुकूम, या वादातून ती समुद्रात गेली.

हा वाद केवळ पुराणातला राहिला नाही, म्हणून ही गाळणी किरकोळ मानता येत नाही. १९९३ साली तानाह लोटनजीक मोठे विश्रामस्थान आणि गोल्फचे मैदान उभारण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा बालीत प्रक्षोभ उसळला; वृत्तपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला, विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. सुहार्तोंच्या राजवटीत ही गोष्ट सोपी नव्हती. जानेवारी १९९४ मध्ये इंडोनेशियातील हिंदूंच्या परिषदेने मंदिरांच्या पावित्र्याच्या मर्यादा सांगणारा निर्णय, ‘भिसम’, प्रसिद्ध केला. तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. सर्वोच्च मंदिरांभोवती ‘आपेनेलेंग आगुंग’, किमान पाच किलोमीटर. ऋषींशी निगडित अशा तानाह लोटच्या वर्गातील मंदिरांभोवती ‘आपेनेलेंग आलीत’, किमान दोन किलोमीटर. त्याखालील गावदेवळांना दगड फेकला असता जेथे पडेल तेवढे, किंवा कुंपणापुरते. ‘आपेनेलेंग’ म्हणजे नजर पोहोचेल तितके. अर्थात पावित्र्याचे मोजमाप मुळात दृष्टीने केलेले होते. किलोमीटर नंतर, वादात टिकावे म्हणून, जोडले गेले. योजना थांबली नाही. १९९७ मध्ये मैदान सुरू झाले.

दृष्टीचे हे माप ध्यानात घेतल्यावर सात समुद्रमंदिरांविषयीच्या त्या परिचित वाक्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. एका मंदिरातून पुढचे दिसते, अशी ही साखळी सांगितली जाते. सातांची यादी कथनागणिक बदलते, आणि रांबुत सिवी ते तानाह लोट हे अंतर नजरेने तुटण्यासारखे नाही. तरीही वाक्य टाकाऊ नव्हे. देवळे परस्परांना पाहतात, किनाऱ्यावर पहारा ठेवतात, ही कल्पना त्यात आहे. पाहणे या क्रियेचा कर्ता येथे देऊळ आहे. सहलीत कर्ता बदलतो : प्रवासी पाहतो, देऊळ पाहिले जाते, तेही काठावरच्या उंचवट्यावरून, मावळतीच्या उजेडासमोर, काळ्या आकृतीच्या रूपाने. अशा उजेडात मेरूची छपरे मोजता येत नाहीत, नैवेद्य घेऊन चढणारी माणसे दिसत नाहीत. १९८० पासून खडक ढासळू लागला म्हणून पुढे जपानी कर्जाच्या साहाय्याने त्याचे संरक्षण करण्यात आले आणि आज त्याचा सुमारे एकतृतीयांश भाग कृत्रिम आहे, हेही त्या काळोख्या आकृतीत लपून जाते. वास्तविक ही लाजेची बाब नाही. ऋषीने हलविलेला खडक अभियंत्यांनी सावरला, ही कथा कोणत्याही मार्गदर्शकाला अभिमानाने सांगता यावी.

मिशेल पिकार या फ्रेंच अभ्यासकाने बालीतील पर्यटनाविषयी जे दाखवून दिले आहे, त्याचा येथे उपयोग होतो. १९७१ साली देन्पासारमध्ये पवित्र नृत्ये आणि प्रेक्षकांसाठीची नृत्ये वेगळी करण्यासाठी परिसंवाद भरला; त्यासाठी ‘साक्राल’ आणि ‘प्रोफान’ हे दोन शब्द युरोपीय भाषांतून घ्यावे लागले, कारण बालीच्या भाषेत तशी जोडी नव्हती. वर्गीकरण तीन पदरी झाले, आणि मधल्या पदराने ती काटेकोर रेघ काहीशी पुसली. तानाह लोटच्या पायऱ्यांवर मात्र रेघ अगदी स्पष्ट आहे : येथपर्यंत पाहुणे, येथून पुढे उपासक. ती योग्यच आहे. पण कथनाने तीच रेघ शब्दांतही ओढून घेतली, आणि जे वर चालते त्याविषयी बोलण्याचेही टाळले. उलुवातुला सूर्यास्ताबरोबर जोडलेल्या केचाक नृत्याची गोष्ट वेगळी. १९३० च्या दशकात रामायणकथा घेऊन प्रेक्षकांसाठीच त्याची बांधणी झाली असल्याने तेथे गाळण्यासारखे फारसे नाही.

अलीकडे मराठी प्रवाशांचे जथेही येथे जातात, आणि सोबतच्या व्यवस्थापकाकडून हेच कथन मराठीत ऐकतात. भाषांतराचे हे दुसरे वळण. येथे सारखेपणाचा मोह आडवा येतो : तीर्त म्हणजे तीर्थ, बारुण म्हणजे वरुण, बुद म्हणजे बुधवार, तेव्हा ‘सगळे आपलेच’. पण ‘पुरा’ हा आपल्या ‘पुर’चाच शब्द असून तेथे मंदिर झाला आहे, आणि ‘पुरी’ म्हणजे राजवाडा. शब्द आपला असला तरी त्याने तेथे संसार दुसरा मांडला आहे. ज्या श्रोत्याला केलोद आणि सांदिकाल हे दोन शब्द नीट समजावून दिले, त्याला साम्य आणि भेद दोन्ही कळतील, आणि त्यासाठी बसमधली पाच मिनिटे पुरेत.

बेन्देसला मिळालेली कट्यार केदिरीच्या राजवाड्यात जतन केलेली आहे. कुनिंगानच्या दिवशी ती मिरवणुकीने पाकेंदुंगान मंदिरात आणतात. शेतातील कीड व रोगराई हटविण्याशी तिचा संबंध लावला जातो. हे मंदिर तानाह लोटच्या खडकाजवळच, किनाऱ्यावर आहे. सूर्यास्तासाठी उभे असलेले लोक तेथून काही पावलांवर असतात. चार दिवसांनी, लांगकीरच्या बुधवारी, समुद्रातल्या देवळाचा उत्सव सुरू होतो, आणि त्या दिवशी खडकावर केव्हा चढावयाचे हे ओहोटी ठरविते.